सेकंदाला साठ फ्रेम: संगणकावरील गेमचे रेकॉर्डिंग

गेम चालू असताना ग्राफिक्स कार्ड एकामागून एक स्थिर चित्रे तयार करत असते. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात आणि सेकंदाला किती फ्रेम तयार होतात, त्या आकड्याला फ्रेम रेट किंवा एफपीएस. ३० एफपीएसच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन फ्रेममधले अंतर सुमारे ३३ मिलिसेकंद असते. ६० एफपीएसला ते १६.७, तर १२० एफपीएसला ८.३ मिलिसेकंदांवर येते. मोटारींच्या शर्यतीत किंवा नेमबाजीच्या गेममध्ये दृश्य झपाट्याने सरकते. तिथे फ्रेम कमी पडल्या की व्हिडिओ अडखळत चालल्यासारखा दिसतो.

खरी अडचण डेटाच्या आकारमानाची आहे. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या फ्रेमला, पिक्सेलमागे ३ बाइट धरले, तर सुमारे ६.२ मेगाबाइट लागतात. म्हणजे ६० एफपीएसला सेकंदाला ३७३ मेगाबाइट आणि मिनिटाला सुमारे २२ गिगाबाइट. हा वेग साध्या हार्ड डिस्कला झेपत नाही. म्हणून फ्रेम डिस्कवर जाण्याआधीच त्यांचा आकार घटवावा लागतो. हे काम एन्कोडर करतो. सेकंदाला ५० मेगाबिट इतक्या बिटरेटने एन्कोड केले, तर तेवढ्याच २२ गिगाबाइटमध्ये मिनिटाऐवजी अख्ख्या तासाचे रेकॉर्डिंग मावते.

एन्कोडिंग दोन ठिकाणी होऊ शकते. एक्स२६४ सारखा सॉफ्टवेअर एन्कोडर प्रोसेसर वापरतो. पण गेमलाही तोच प्रोसेसर हवा असल्याने दोघांत ओढाताण होते. दुसरा मार्ग स्वतंत्र सर्किटचा. इंटेलने २०११ मध्ये क्विक सिंक आणि एनव्हिडियाने २०१२ मध्ये एनव्हेंक आणले. एएमडीच्या कार्डांतही अशी सोय आहे. हे सर्किट केवळ व्हिडिओसाठी राखलेले असल्याने गेमचा वेग फारसा घटत नाही.

तरीही रेकॉर्डिंगच्या फ्रेम गळू शकतात. ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमधील आकडेवारीची खिडकी त्याचे कारण दाखवते. एन्कोडिंगमुळे फ्रेम गळत असतील, तर एन्कोडरला वेळ पुरत नाही. एन्कोडरचा प्रीसेट, म्हणजे त्याच्या सेटिंगचा तयार संच, हलका निवडावा किंवा रिझोल्यूशन कमी करावे. रेंडरिंगमुळे गळत असतील, तर गेमने ग्राफिक्स कार्डाची सगळी ताकद वापरलेली असते. अशा वेळी गेमच्या एफपीएसला मर्यादा घालावी किंवा ग्राफिक्सचा दर्जा थोडा उतरवावा. मर्यादा रेकॉर्डिंगच्या पटीत ठेवणे चांगले. १२० एफपीएसच्या गेममधील एकाआड एक फ्रेम घेतली की ६० एफपीएसचा व्हिडिओ समान अंतराने मिळतो. १४४ ला ६० ने पूर्ण भाग जात नसल्याने हालचालीत बारीक हिसके येतात.

फाइलचा प्रकारही विचारपूर्वक निवडावा. साध्या एमपी४ फाइलमधील आवश्यक सूची रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर फाइल उघडत नाही. एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचा भाग सहसा शाबूत राहतो आणि नंतर पुन्हा एन्कोड न करता त्याची एमपी४ करता येते.

यूट्यूबवर २०१४ पासून ६० एफपीएसचे व्हिडिओ दाखवता येतात, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणून नेहमीच्या व्हिडिओसाठी ६० एफपीएस पुरते. १२० एफपीएस उपयोगी पडते ते स्लो मोशनसाठी: असे रेकॉर्डिंग ३० एफपीएसने दाखवले, तर हालचाल चौपट संथ होऊनही सलग राहते.