छापखान्याकडे जाण्यापूर्वीं

शहरांतील सुशिक्षित कुटुंबास आयुष्यांत एकदां तरी छापखान्याची पायरी चढावी लागते. कधीं मुलीच्या लग्नाची पत्रिका असते, कधीं माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका, तर कधीं घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या आठवणींचें लहानसें पुस्तक. पूर्वीं यजमानानें हस्तलिखित छापखान्याच्या स्वाधीन करावें आणि निर्धास्त व्हावें, अशी रीत होती. खिळे जुळविणारा जुळारी आणि मुद्रितें तपासणारा जाणता माणूस, या दोघांच्या नजरेखालून मजकूर गेल्यावांचून तो यंत्रावर चढत नसे. चूक मूळ लेखकाची असली तरी बहुधा तेथेंच अडत असे. आतां जुळाऱ्याचें काम घरोघरच्या संगणकावर आलें आहे. घरांतील एखादी हौशी भाची पानें जुळविते, मुखपृष्ठ सजविते आणि तयार फाइल छापखान्यास धाडते. फाइलींत जें असेल तें यंत्र मुकाट्यानें छापतें. जुळारी गेला, त्याची दक्षता कोणाकडे आली, याचा विचार मात्र फारसा झालेला नाहीं.

एक उदाहरण डोळ्यांपुढें ठेवलें म्हणजे विषय सुलभ होईल. समजा, एका घरीं आजीचें सहस्रचंद्रदर्शन आहे, आणि त्या निमित्तानें तिनें सांगितलेल्या आठवणी पुस्तकरूपानें काढावयाच्या आहेत. पृष्ठें १६०, प्रती ३००. समारंभाचा दिवस ठरलेला आहे आणि दुसरी आवृत्ति निघण्याचा संभव नाहीं. पुस्तक बिघडलें तर तें बिघडलेलेंच आजीच्या हातीं द्यावें लागणार.

अशा पुस्तकाचा पहिला निर्णय कागदाचा. आणि तोच बहुतेक घरीं शेवटीं घेतला जातो. एका चौरस मीटर कागदाचें वजन किती ग्रॅम, यावर कागदाचा भारदस्तपणा मोजतात. वाचनाच्या पुस्तकास ७० ते ८० ग्रॅमचा मॅपलिथो पुरेसा होतो. फोटोंचीं स्वतंत्र पानें घालावयाचीं असतील तर १३० ग्रॅमच्या आसपासचा आर्ट पेपर घेतात, आणि मुखपृष्ठास २५० ते ३०० ग्रॅमचें कार्ड लागतें. मुखपृष्ठाची फाइल कागद ठरल्यावांचून तयारच होऊं शकत नाहीं, ही गोष्ट नवख्यांस ठाऊक नसते. १६० पृष्ठें म्हणजे ८० पानें. कागदाची जाडी एकदशांश मिलिमीटर धरली तर पुस्तकाचा कणा ८ मिलिमीटर भरतो. तोच कागद थोडा फुगीर निघाला तर कणा साडेनऊच्या घरांत जातो, आणि कण्यावरील नांव मुखपृष्ठाच्या बाजूस घसरतें. म्हणून कागद निश्चित करून छापखान्याकडूनच कण्याचें माप मागून घ्यावें, आणि मगच मुखपृष्ठास हात घालावा.

पृष्ठसंख्येसहि असाच हिशेब आहे. पुस्तक सुटें छापलें जात नाहीं. तें फर्म्यांनीं छापलें जातें, आणि एक फर्मा सामान्यतः १६ पृष्ठांचा असतो. १६० पृष्ठांचे बरोबर दहा फर्मे होतात. १६३ झालीं तर त्या तीन पृष्ठांसाठीं कागद, छपाई आणि बांधणी यांचा जादा भुर्दंड बसतो. अशा वेळीं एखादा परिच्छेद आवरता घेणें स्वस्त पडतें.

आकार आणि कड यांचा नियम सोपा आहे, तरी सर्वांत अधिक चुका येथेंच होतात. पुस्तक ए-पांच आकाराचें, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर असेल, तर जें चित्र अगर जो रंग कडेपर्यंत जावयाचा आहे तो कडेच्या पलीकडे चारी बाजूंस तीन तीन मिलिमीटर वाढवावा लागतो. म्हणजे फाइलीचा आकार १५४ बाय २१६ होतो. कारण कागद छापल्यानंतर गठ्ठ्यानें कापला जातो, आणि कापणाऱ्या यंत्राचें पातें केसभर इकडे तिकडे होणें अटळ आहे. वाढीव रंग नसेल तर कडेला पांढरी रेघ उमटते. उलटपक्षीं अक्षरें, पृष्ठांक आणि माणसांचे चेहरे कडेपासून निदान पांच मिलिमीटर आंत असावेत. कौटुंबिक फोटोंत टोंकाला उभ्या असलेल्या काकांचा कान कापला गेला म्हणजे दोष कापणाऱ्याचा नसतो.

आतां फोटो. छपाईसाठीं चित्रांत दर इंचास ३०० बिंदू असावेत, असा सर्वमान्य दंडक आहे. १८०० बाय १२०० बिंदूंचें चित्र सहा इंच बाय चार इंच एवढेंच नीट छापेल. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तेंच चित्र लख्ख दिसतें, म्हणून तें पानभर छापतां येईल अशी समजूत होते. ती खोटी आहे. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीनें पाठविलेलें चित्र वाटेंतच आकुंचन पावतें, तेव्हां मूळ चित्र दस्तऐवज म्हणून धाडावें. आजीच्या लग्नांतील एकुलता एक फोटो दोन बाय तीन इंचांचा असेल आणि पुस्तकांत तो चार बाय सहा इंच हवा असेल, तर त्याची संगणकीय प्रतिमा ६०० च्या मापानें काढावी. जो फोटो पूर्वीं एखाद्या मासिकांत छापलेला आहे त्याची प्रतिमा मात्र सांभाळून काढावी. छापील बिंदूंवर पुन्हां छापील बिंदू पडले कीं चेहऱ्यावर जाळी उठते.

चित्रें आणखी एका कारणानें बिघडतात. मॅपलिथोसारखा कागद शाई पितो, बिंदू पसरतात, आणि पडद्यावर दिसत होती त्याहून छबी काळवंडते. जुन्या फोटोंतील गडद भाग आधींच थोडे उजळून ठेवावे लागतात. नऊवारींतील चुण्या दिसल्या पाहिजेत असें वाटत असेल तर हें काम कोणी तरी जाणत्यानें बसून करावें.

रंगाचा विषय यापेक्षां सूक्ष्म आहे. मुंबईस १८९४ सालीं राजा रविवर्म्यानें रंगीत चित्रें छापण्याचा कारखाना काढला, तेव्हां एकेका रंगासाठीं निराळा दगड तयार करावा लागे आणि कागद तितक्या वेळां यंत्राखालून जाई. आजच्या ऑफसेट छपाईंत दगडांच्या जागीं धातूचे पत्रे आले आणि रंगांची संख्या चारांवर आली: आकाशी निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. भिंगाखालीं छापील चित्र धरलें तर हे चार जातींचे ठिपके वेगवेगळे दिसतात. संगणकाचा पडदा मात्र शाईनें रंगवीत नाहीं, प्रकाशानें रंगवितो. लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणांतून जी झळाळी उत्पन्न होते, ती चार शायांना साधत नाहीं. फेट्याचा भडक केशरी, शालूचा पोपटी, रात्रीच्या आकाशाचा गर्द निळा, हे रंग पडद्यावर मन मोहवितात आणि कागदावर मरगळलेले उतरतात. फाइल आरंभींच चार शायांच्या पद्धतींत बांधली, तर ही निराशा पडद्यावरच कळून येते. एखादा विशिष्ट रंग हवाच असेल तर त्याची स्वतंत्र शाई तयार करून घेतां येते. तिला पांचवा पत्रा लागतो आणि खर्च वाढतो.

काळ्या अक्षरांबद्दल एक खबरदारी आहे. पडद्याच्या पद्धतींतील काळा रंग छपाईकडे वळविला कीं पुष्कळदां तो चारी शायांचा मिळून होतो. मग पत्रे किंचित् सरकले तरी बारीक अक्षराभोंवतीं तांबूस-निळसर सावली पडते, आणि वाचणाऱ्याचे डोळे दुखूं लागतात. वाचनाचा मजकूर निव्वळ काळ्या शाईचाच असला पाहिजे. गडद चित्रावर पांढरीं अक्षरें सोडण्याची हौसहि आवरावी. आपल्या लिपींत शिरोरेघ, वेलांटी व अनुस्वार हे नाजूक अवयव आहेत, आणि ते भोंवतालच्या शाईनें बुजून जातात. सोडावयाचींच तर ठसठशीत आणि मोठीं सोडावीं.

अक्षराचा प्रश्न मराठी घरास सर्वांत जवळचा आहे. इंग्रजी पुस्तकाच्या सूचना वाचून काम करणाऱ्यास तो सुचतहि नाहीं. जुन्या पद्धतीच्या मराठी अक्षरसंचांत देवनागरी वळणें रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेलीं असत. तो संच छापखान्याच्या संगणकावर नसला तर आजीच्या आठवणींच्या जागीं रोमन अक्षरांचा अर्थहीन खिचडा उमटतो. युनिकोडनें ही अडचण दूर केली, तरी सर्व अडचणी नव्हेत. पानें जुळविण्याच्या कांहीं आज्ञावलींत भारतीय लिप्यांसाठीं निराळा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागें जाऊन बसते, रफार जागा सोडतो, जोडाक्षरें फुटतात. अनेक अक्षरसंचांत ‘ल’ आणि ‘श’ यांचीं हिंदी वळणें आधीं येतात. मजकुराची भाषा मराठी आहे असें सांगितल्यावर, आणि संचांत सोय असल्यास, आपलीं वळणें प्रकट होतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद तर लहान मुलासहि ठाऊक आहे. पहिल्यानें समुद्र समजावयाचा आणि दुसऱ्यानें डोंगरामधले खोल भाग. पण संच सदोष असला कीं दोन्ही सारखेच छापले जातात, आणि आजीचें सह्याद्रींतील गांव समुद्रांत बुडतें.

यावर उपाय दोन. पीडीएफ करतांना अक्षरसंच तिच्यांतच अंतर्भूत करावा, किंवा मुखपृष्ठासारख्या थोड्या मजकुराचें रूपांतर अक्षरांतून रेखाकृतींत करावें. दुसऱ्या उपायानें अक्षर हलत नाहीं, परंतु चूकहि सुधारतां येत नाहीं; म्हणून शुद्धलेखन संपल्यावरच तो योजावा आणि सुधारतां येण्याजोगी मूळ फाइल वेगळी राखावी.

सजावटीच्या बाबतींत छापखान्यांत गेल्यावर माणसाचें भान हरपतें. मालक नमुन्यांचा संच पुढें ठेवतो: चकचकीत लॅमिनेशन, मॅट लॅमिनेशन, मखमली स्पर्शाचें लॅमिनेशन, ठराविक जागीं चमक देणारें स्पॉट यूव्ही, सोनेरी वर्ख, उठावाचा ठसा. सारेंच सुंदर दिसतें आणि सारेंच हवेंसें वाटतें. येथें पुस्तक कोणाच्या हातीं, कोठें, कशा उजेडांत वाचलें जाणार, एवढें विचारावें. ऐंशी वर्षांच्या आजीच्या मैत्रिणी दिव्याखालीं बसून वाचणार असतील तर चकाकणारा कागद त्यांच्या डोळ्यांवर तिरीप टाकतो. आंतील पानें किंचित् पिवळट छटेच्या मॅपलिथोचीं आणि अक्षर एरवींपेक्षां मोठें, हाच तेथें खरा शृंगार आहे. मात्र त्याच पिवळट कागदावर रंगीत फोटो छापले तर चेहऱ्यांवर कावीळ चढते. फोटोंस पांढरा कागद निराळा घालावा.

मुखपृष्ठास मॅट लॅमिनेशन सोज्ज्वळ दिसतें. परंतु रंग काळा अगर गर्द निळा असेल तर त्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडे लवकर उमटतात. स्पॉट यूव्हीसाठीं चमकावयाचा भाग निराळ्या थरांत, निव्वळ काळ्या रंगांत दाखवून द्यावा लागतो. ती चमक छपाईशीं तंतोतंत जुळत नाहीं, थोडी सरकतेच. म्हणून ती मोठ्या आकृतीवर शोभते, बारीक अक्षरावर नव्हे. सोनेरी वर्खासाठीं धातूचा ठसा करवून घेतात. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या गांठींत वर्ख भरून राहतो, तेव्हां पुस्तकाचें नांव जाड व मोकळ्या वळणाचें असावें. उठावाचा ठसा कार्डाच्या आंतल्या बाजूस खळगा पाडतो, हें ध्यानांत घेऊन त्या जागीं मजकूर घालूं नये. लग्नपत्रिकेची गोष्ट याहून निराळी आहे: तिच्या कोपऱ्यांस हळदकुंकू लावावयाचें असतें, आणि लॅमिनेशन केलेल्या कार्डावर ओलें कुंकू न मुरतां पसरतें. पत्रिकेस साधें जाड कार्ड बरें. शिवाय तो प्लॅस्टिकचा पापुद्रा चढला कीं कार्ड रद्दींतहि नीट जात नाहीं.

छापखान्यास फाइल दिली म्हणजे काम संपलें, असें नव्हे. एक संपूर्ण नमुनाप्रत, त्याच कागदावर व कणा बांधून, मागून घ्यावी. जुन्या छापखान्यांत एकानें मूळ मजकूर मोठ्यानें वाचावा आणि दुसऱ्यानें मुद्रितावर बोट ठेवावें, अशी पद्धत होती. तीच येथें योजावी, आणि वाचणारा व तपासणारा हे दोघेहि पानें जुळविणाऱ्याहून वेगळे असावेत. माणसांचीं नांवें, नातीं, सन, तिथि आणि वार हीं शेवटीं एकदां निराळीं पाहावींत. सुधारणा एकदमच द्याव्या आणि लेखी द्याव्या. फोनवर सांगितलेला काना हमखास हरवतो.

वेळेचा अंदाज धरतांना छपाईचे दिवस मोजून भागत नाहीं. शाई पुरती वाळण्याआधीं लॅमिनेशन केलें तर पुढें त्यावर फुगे येतात, आणि बांधणीचा डिंक धरण्यासहि अवकाश लागतो. तेव्हां समारंभाच्या आदल्या दिवशीं पुस्तकें हातीं यावींत असें ठरविणें धोक्याचें. निदान आठवडाभर मोकळा ठेवावा.

प्रती ताब्यांत घेतांना गठ्ठ्याच्या वरच्याच नव्हे, तर मधल्या आणि तळच्याहि उघडून पाहाव्या. फर्मा उलटा बांधला गेला असेल, अगर सोळा पृष्ठें कोरीं राहिलीं असतील, तर तें तेथेंच लक्षांत येतें आणि बदलून मिळतें. शेवटची पीडीएफ, सुधारतां येणारी मूळ फाइल, अक्षरसंच आणि फोटोंच्या मूळ प्रतिमा एका ठिकाणीं, घरांतील दोघांकडे जपून ठेवाव्या. नागपूरची आत्या चार वर्षांनीं आणखी पन्नास प्रती मागेल, तेव्हां आजीच्या लग्नाचा तो फोटो पुन्हां शोधीत बसावें लागणार नाहीं.