अडगळीतला खडा परत आला

शंभर वर्षांपूर्वीच्या साध्या रेडिओला बॅटरीही लागत नसे. शिशाच्या गॅलेना या खनिजाचा चकाकता खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार, एवढ्यावर कानाला लावलेल्या हेडफोनमधून आवाज यायचा. तार खड्यावर सरकवत नेमकी जागा शोधायची; टेबलाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. हा खडा वीज एकाच दिशेने जाऊ देतो, एवढं ठाऊक होतं. का, ते कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. जगदीशचंद्र बोस यांना याच गॅलेनावर आधारलेल्या लहरी-शोधकासाठी १९०४ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं.

त्याच वर्षी अभियंते फ्लेमिंग यांचा व्हॉल्व्ह आला. निर्वात काचेत तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये एक जाळी बसवली. जाळीवरचा किंचितसा विद्युतदाब पलीकडच्या मोठ्या प्रवाहाला आवरतो किंवा मोकळा सोडतो. म्हणजे क्षीण संदेश मोठा करता येतो, आणि प्रवाह चालू-बंदही करता येतो. पहिल्या गुणावर रेडिओ घरोघरी पोहोचला, दुसऱ्यावर संगणक उभा राहिला. ब्रिटिश टपाल खात्यातले टेलिफोन अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी शेकडो व्हॉल्व्ह एकत्र चालवायचं ठरवलं, तेव्हा ते सतत उडतील अशी शंका अनेकांना होती. फ्लॉवर्स यांचा अनुभव वेगळा होता: व्हॉल्व्ह बंद केलेच नाहीत, तर क्वचितच बिघडतात. त्यांचं ‘कोलोसस’ हे संगणकयंत्र १९४४ मध्ये ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्रात जर्मन सांकेतिक संदेशांवर काम करू लागलं.

खडा मात्र अडगळीत गेला होता. त्याला रडारने परत आणलं. काही सेंटिमीटर लांबीच्या लहरी इतक्या वेगाने बदलतात की तेव्हाच्या व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉनना जाळी ओलांडायलाच उशीर होई. त्या टिपायला पुन्हा खडाच हवा होता, म्हणून युद्धकाळात सिलिकॉन आणि जर्मेनियम अतिशुद्ध करण्यावर जोर दिला गेला. माझ्या मते संगणकयुगाची खरी पायाभरणी या शुद्धीकरणात आहे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ ब्रॅटन यांनी प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा वर्ख चढवला, टोकापाशी तो ब्लेडने चिरला आणि स्प्रिंगने जर्मेनियमवर दाबला. सहकारी बार्डीन यांच्यासह घडवलेला हा पहिला ट्रान्झिस्टर. खड्यावर एकाऐवजी दोन टोकं टेकली आणि संदेश मोठा होऊन बाहेर आला.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात दोन्ही वंश शेजारी नांदत होते: सुमारे २,७०० व्हॉल्व्ह आणि १,७०० जर्मेनियम डायोड.