जहाज बेटापासून दूर का थांबते?

लक्षद्वीपच्या क्रूझवर निघालेल्या अनेकांना वाटते, जहाज छायाचित्रातल्या त्या हिरव्या-निळ्या पाण्यात, वाळूच्या अगदी जवळ उभे राहील. प्रत्यक्षात ते बहुधा बाहेर खोल समुद्रात थांबते आणि प्रवासी छोट्या होड्यांतून बेटावर जातात. हा व्यवस्थेचा ढिसाळपणा नव्हे. कारण बेटांच्या घडणीतच आहे.

अगत्ती, कवरत्ती, मिनिकॉय ही बेटे कंकणद्वीपांवर (उथळ पाण्याला वेढणाऱ्या प्रवाळांच्या कड्यावर) वसली आहेत. प्रवाळ हे इवले सजीव. त्यांच्या चुन्याच्या सांगाड्यांचे थर साचत ही भिंत उभी राहते. पाण्याने भरलेली परात डोळ्यांपुढे आणा: काठ म्हणजे प्रवाळभिंत, आतले पाणी म्हणजे खाजण (भिंतीआडचे शांत, उथळ पाणी). तळाची पांढरी वाळू जवळ असते म्हणूनच तो देखणा रंग दिसतो, आणि त्याच उथळपणामुळे मोठे जहाज आत शिरू शकत नाही. काठाबाहेर समुद्र झपाट्याने खोल होतो.

मग भिंत थोडी फोडली तर? लाटांचा मारा तीच झेलते, आणि ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहेत. होडीतून उतरताना पाय वाळूवरच टाकावा. प्रवाळाची तुटलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षे लागतात.