चूल दूर आणि गहू बंद, मग शिदोरीत काय?



रोवणीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. रात्रभर पाऊस, सरपण ओले, पहाटे कशीबशी चूल पेटली तर पेटली. सातला पऱ्हे उपटायला बांधीत उतरलेले माणूस दिवस मावळल्यावर घरी येते. मधे भूक लागली तर धुऱ्यावर बसून डबा सोडायचा, नाहीतर पोराला फाट्यावरच्या टपरीवर पिटाळायचे आणि चहाबरोबर बिस्किटाचा पुडा आणायचा. मे महिन्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्यांचे तेच, आधारभूत केंद्रावर धानाचा काटा होण्याची वाट पाहणाऱ्याचे तेच आणि दवाखान्यात आजाऱ्याजवळ बसलेल्याचेही तेच. चूल नाही, आणि जवळच्या दुकानात मिळते ते बिस्कीट, टोस्ट, खारी, समोसा. हे सगळे मैद्याचे, म्हणजे गव्हाचे.

बहुतेकांना ते पचते. पण ज्याला डॉक्टरांनी गहू बंद केला आहे, त्याने काय करावे? त्याचसाठी हे पत्रक.

हा काय आजार आहे?

गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचे एक प्रथिन असते. कणीक मळली की तिला जो चिवट ताण येतो तो याचाच. सिलिअॅक नावाच्या आजारात या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करून घेते. अस्तर झिजले की खाल्लेले अंगी लागत नाही. पोट फुगते, जुलाब लागतात, मूल वाढत नाही, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. या रोगाला अजून तरी औषध नाही. गहू आणि जव जन्मभर पूर्ण बंद, हाच उपाय. हे गव्हाचेच काम आहे असा संशय हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिकडे पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा हे आजारी मुलगे-मुली सुधारले. पाव परत आला तसे पुन्हा आजारी पडले. 1950 मध्ये डिके यांनी आपला अभ्यास मांडला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. वरची लक्षणे वाचून आपल्या मनाने गहू सोडू नका. आपल्या भागात रक्त कमी असण्यामागे सिकलसेल असू शकतो, जंत असू शकतात. सिलिअॅकची रक्ततपासणी तर गहू खाणे चालू असतानाच करायची असते. आधीच गहू सोडला तर तपासणी खोटी ठरू शकते. आधी डॉक्टर, मग पथ्य. आणि ज्याला काहीच त्रास नाही, त्याने शहरातली टूम म्हणून पोळी सोडण्याचे काही कारण नाही.

धानाच्या मुलखात अडचण कसली?

गहू खाणाऱ्या मुलखात हे पथ्य फार जड जाते. आपण गोंदियाचे लोक धानकरी. भात तर आहेच, पण धानाचे दोन पदार्थ असे आहेत की त्यांना पुन्हा चूल लागतच नाही. पोहे आणि मुरमुरे. हे धान एकदा भट्टीत शिजून-भाजून निघालेले असते. आपण फक्त भिजवायचे किंवा तसेच खायचे.

जाड पोहे घ्यावेत. चाळून, दोन पाण्यांत धुवावेत, पाणी निथळून टाकावे आणि डब्याचे झाकण लावून दहा मिनिटे ठेवावेत. एवढ्यात दाणा मऊ होतो. पाण्यात बुडवून ठेवले तर लगदा होतो, ही चूक नवखे लोक हमखास करतात. पातळ पोह्यांना तर पाण्याचा हबका पुरे. त्यावर दही किंवा घट्ट ताक, मीठ, बारीक चिरलेला कांदा. नाहीतर गूळ आणि शेंगदाण्याचे कूट. गोपाळकाल्याला आपण काय करतो? तेच हे.

पण नुसत्या पोह्यांवर रोवणी होत नाही हो. तासाभरात पोट रिकामे. शंभर ग्रॅम पोह्यांत प्रथिने असतात साधारण 6 ते 7 ग्रॅम. तेवढ्याच फुटाण्यांत 20 च्या आसपास, शेंगदाण्यांत 25 च्या आसपास. म्हणून 100 ग्रॅम पोहे, 50 ग्रॅम फुटाणे आणि मूठभर, म्हणजे 25 ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे असा मेळ घालावा. यातून सुमारे 650 ते 700 उष्मांक आणि 22-23 ग्रॅम प्रथिने मिळतात. मोठ्या माणसाचे हे दुपारचे पुरते जेवण झाले. बिस्किटाच्या पुड्यात मैदा, साखर आणि तेल, याखेरीज फारसे काही नसते.

मुरमुऱ्यात कांदा, टमाटर, हिरवी मिरची, सांबार आणि वर लिंबू पिळले की ते खाणाऱ्याला शिळे वाटत नाही. लिंबू विसरू नये. फुटाण्यांतले लोह अंगी लागायला ते मदत करते. पुरचुंडीत जवसाची चटणी असू द्यावी. जवस आपल्याच उतेऱ्याचे असते, भाजून, मीठ-तिखट घालून कुटले की आठ दिवस टिकते.

उन्हाळ्यात तेंदूपानाच्या फडीवर जाणाऱ्यांनी फुटाण्याचे पीठ न्यावे. घरीच खलबत्त्यात कुटावे. पाव वाटी पीठ, गडूभर पाणी, मीठ, कांदा आणि लिंबू, एवढे ढवळून प्यायले की ऊनही सोसते आणि पोटही धरते. त्याच दिवसांत रानात टेंभरे आणि चार पिकतात, ते फुकटचे फळ आहे. चैतात वेचून वाळवलेली मोहफुले घरीच भाजून, तिळाबरोबर कुटून त्यांचे लाडू बांधून ठेवले असतील तर उत्तमच. दिवाळीच्या सुमारास बोडीतला, तलावातला शिंगाडा निघतो. तोही गव्हाच्या पथ्याला चालतो. मात्र कच्चा शिंगाडा दाताने सोलू नये, तलावातल्या कृमींच्या अळ्या सालीला चिकटून पोटात जातात. घरून उकडून न्यावा.

शिळ्या भाताविषयी दोन शब्द. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांदा-मिठाशी खायची रीत आपल्याकडे आहे. सालेकसा-देवरीच्या पलीकडे छत्तीसगडात त्याला बोरे-बासी म्हणतात. रीत चांगली आहे, पण तो सकाळीच संपवावा. भातात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष पुन्हा तापवल्याने जात नाही. म्हणून भात रात्री लवकर निववावा, स्वच्छ पाणी घालून झाकावा आणि दुपारच्या टोपल्यात त्याला जागा देऊ नये. दुपारी पोहेच बरे.

गहू लपून येतो, तो कुठून?

खरा धोका इथे आहे. पोळी सगळ्यांना ओळखू येते. रवा, शेवया, मैदा हेही गव्हाचेच, हे बायकांना सांगायला नको. पण हिंग? दुकानातला बांधानी हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो. चिवडा-फरसाणात मैद्याच्या पुऱ्या असतात. दुधात घालायच्या पौष्टिक भुकट्या बहुधा जवाच्या किंवा गव्हाच्या माल्टच्या असतात. वाळलेल्या पोराला अंगी लागावे म्हणून आपण जे पाजतो, तेच त्याला बाधते. पाकिटावर घटक छापलेले असतात, गहू असेल तर तसे लिहावे लागते. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे.

नावांनीही घोटाळा होतो. कणकी म्हणजे तांदळाची चुरी, ती चालते. कणीक चालत नाही. जवस चालते, जव चालत नाही. आणि सातू हा शब्द तर दोन्हीकडे फिरतो: कोणी जवालाच सातू म्हणतात, कोणी भाजलेल्या धान्याच्या पिठाला. त्या पिठात गहू घालण्याची पद्धत आहे. तेव्हा बाजारचे सातूचे पीठ घेऊच नये. पाहुणचाराला पाठवताना पोराकडून हे शब्द पाठ करून घ्यावेत.

चक्कीचे तर विचारूच नका. आपण पाच किलो तांदूळ दळायला नेतो, आपल्या आधी कोणी गहू दळलेला असतो आणि दगडात अडकलेले ते पीठ आपल्या डब्यात उतरते. डोळ्यांना दिसत नाही, पण आतड्याला कळते. घरात जाते पडून असेल तर ते घासून धुवावे, वाळवावे, पहिले दोन-तीन मूठ तांदूळ दळून गुरांना टाकावेत आणि त्या जात्यावर पुन्हा कधीही गहू दळू नये. पोहे-मुरमुऱ्यांना चक्की दाखवावी लागत नाही, हा त्यांचा आणखी एक गुण. फुटाणे मात्र भट्टीवाल्याला विचारून घ्यावेत. त्याच वाळूत तो गहू भाजत असेल तर दुसरी भट्टी पाहावी, नाहीतर घरी कढईत भाजावेत.

आणखी एक, जरा कडू बोलायचे. फुटाणे महाग पडतात म्हणून त्यांच्या जागी रोज लाखोळी (लाखोरी) देऊ नका. गहू नसला तरी लाखोळीत दुसरे विष आहे. तीच मुख्य अन्न म्हणून महिनोन्महिने खाल्ली तर पाय कायमचे आखडतात. दुष्काळात असे पुष्कळ घडलेले आहे. रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांत ते विष कमी असते, म्हणून पेरायची तर हीच पेरावी. तरीही रोजच्या शिदोरीला ती नकोच. स्वस्त बेसनात लाखोळीचे पीठ मिसळलेले निघते, तेव्हा हरभरा आपल्या डोळ्यांदेखत दळून घ्यावा, आणि तोही घरच्या जात्यावर.

धुऱ्यावर जेवायला बसल्यावर

बांधीवर जेवण म्हणजे एकमेकींच्या डब्यातले थोडे थोडे घेणे. ही आपली रीत, ती मोडायची गरज नाही, फक्त क्रम बदलायचा. पथ्याच्या माणसाने आधी दुसऱ्यांना वाढावे, आपले आधी वेगळे काढून ठेवावे आणि नंतर दुसऱ्यांच्या डब्यातले घेऊ नये. पोळी मोडलेला हात त्याच्या पोह्यांत जाता कामा नये. त्याचा डबा, चमचा आणि गडू वेगळा असावा. डब्याच्या कडीला तांबडा धागा बांधून ठेवला तर घाईत दुसरा कोणी उचलत नाही. मुलगी आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी अधीक्षकांकडे आणि स्वयंपाकिणीकडे, दोघांकडे द्यावी, आणि पेटीत पोहे, फुटाणे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि राजगिऱ्याच्या वड्या महिन्याच्या भरून द्याव्यात. सगळ्यांना रव्याचा उपमा मिळतो त्या सकाळी तिला उपाशी बसावे लागत नाही.