पॅरिसमधलं सर्वांत जुनं दगडी घर 🏠

हॅरी पॉटरमुळे निकोला फ्लामेल हे नाव अनेकांना ठाऊक असतं. परीस सापडलेला किमयागार! पण खरा फ्लामेल होता लेखनिक. हस्तलिखितांची नक्कल करणं, कागदपत्रं लिहून देणं हा त्याचा धंदा. किमयेची दंतकथा पसरली ती त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

पॅरिसच्या र्‍यू द माँमोरांसीवर 51 नंबरचं त्याचं घर आजही उभं आहे. बांधकाम 1407 चं. गंमत म्हणजे तो स्वतः इथे कधी राहिलाच नाही! बायको पेर्नेल गेल्यावर त्याने हे बांधलं ते गोरगरिबांसाठी. खाली दुकानं, वर राहायच्या खोल्या. दुकानांच्या भाड्यातून वरच्यांची सोय.

मग राहणाऱ्यांनी काय द्यायचं? उत्तर दर्शनी भिंतीवरच कोरलंय. तळमजल्याच्या दारांवरून आडवी पट्टी जाते, तिच्यावर जुन्या फ्रेंचमधला मजकूर आहे: इथे राहणाऱ्या कष्टकरी स्त्री-पुरुषांनी मृतांच्या पापक्षमेसाठी रोज दोन प्रार्थना म्हणायच्या. बांधकामाचं सालही त्यातच. म्हणजे भाडेकरार थेट दगडात!

खालचे खांब जवळून बघा. वाद्यं वाजवणारे देवदूत दिसतील आणि फ्लामेलच्या नावाची आद्याक्षरंही, एन आणि एफ.

1911 पासून ही संरक्षित वास्तू आहे. तळमजल्यावर आता रेस्टॉरंट चालतं. जेवणाचं बिल मात्र प्रार्थनेवर भागत नाही! 😄