मीटरला बारा गिन्या

रेल्वेतली ऐश म्हटली की ‘महाराजाज एक्स्प्रेस’चं नाव हमखास निघतं. तिचे आकडे आहेतच तसे. डबे तेवीस, पाहुणे फार तर ८८! साध्या स्लीपरचे तेवीस डबे जोडले आणि डब्याला ७२ बर्थ धरले, तर १,६५६ माणसं आडवी होतात. इथे ८८. या गाडीतला ‘नवरत्न’ हा प्रेसिडेन्शियल सुइट म्हणजे एक अख्खा डबा, ४४८ चौरस फुटांचा. गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराची एक खोली असते. तशा पावणेचार खोल्या रुळांवरून धावताहेत आणि त्यांत बिऱ्हाड एकच.

डोळे विस्फारले ना? आता ते तसेच ठेवा. कारण मी तुम्हाला जिथे नेणार आहे तिथली गाडी इतकी लहान आहे, की सगळे तिला ‘खेळण्यातली गाडी’ म्हणतात. आणि तिचे आकडे महाराजांनाही मान खाली घालायला लावतील.

कालका ते शिमला. ९ नोव्हेंबर १९०३ रोजी सुरू झालेला मार्ग, लांबी ९६.६ किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर, म्हणजे हा त्याच्या जेमतेम निम्मा. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर, इथे फक्त अडीच फूट. गाडी ओढणारं डिझेल इंजिन ७०० अश्वशक्तीचं. आपल्या मेल-एक्स्प्रेस ओढणाऱ्या एका वॅप-७ इंजिनाच्या ताकदीत अशी आठ इंजिनं आरामात मावतात. आणि वेग? शिमल्याला पोचायला पाच-साडेपाच तास. याच चालीनं पुण्याला निघालात तर सकाळी सातला मुंबई सोडून संध्याकाळी पाचनंतर पुणं. डेक्कन क्वीननं तोवर हे अंतर तीनदा कापलं असतं.

मग या पाच तासांत करायचं काय? मोजायचं! सुट्टी असावी तर अशी. या ९६.६ किलोमीटरमध्ये ९१९ वळणं आहेत. पूल ८६४. बोगदे १०२. बेरीज १,८८५. दर ५१ मीटरला काहीतरी आहेच. ५१ मीटर म्हणजे आपल्या गाडीचे जेमतेम दोन डबे. घड्याळ लावून बसलात तर सरासरी दर दहा सेकंदांना एक वळण, नाहीतर एक पूल, नाहीतर बोगद्याचा काळोख. पुढचे दहा सेकंद, पुढचा पूल. पाच तास हेच!

आता हाच हिशेब आपल्या अंगणात आणू. सीएसएमटी ते दादर, नऊ किलोमीटर. कालका-शिमल्याच्या घनतेनं हा मार्ग बांधला असता, तर दादरपर्यंत ८५ वळणं, ८० पूल आणि ९ बोगदे लागले असते. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा करत जाताना दोन स्टेशनांमध्ये सरासरी बारा वळणं, अकरा पूल आणि निदान एक बोगदा. आणि थेट पुण्यापर्यंत रूळ टाकले असते तर? वळणं १,८२६, पूल १,७१७, बोगदे २०३.

बरं, वळणं तरी कसली! सर्वांत आवळलेल्या वळणाची त्रिज्या सुमारे साडेसदतीस मीटर. ते पुरं वर्तुळ काढलं तर परीघ भरतो २३५ मीटर. आपली सोळा डब्यांची गाडी पावणेचारशे मीटर लांब असते. ती या वर्तुळावर ठेवली, तर इंजिन शेपटापर्यंत पोचून, शेपटाला मागे टाकून आणखी अर्धा वेढा घालेल.

बोगद्यांचा एक गमतीशीर हिशेब खिडकीतूनच दिसतो. प्रत्येकावर क्रमांक आहे आणि शिमल्याजवळच्या शेवटच्यावर लिहिलंय १०३. बोगदे तर १०२! मधला ४६ वा आता उरलेला नाही, पण बाकीच्यांचे क्रमांक होते तसेच राहिले. मुलांना हे आधी सांगू नका. त्यांनी स्वतः मोजत जाऊन शिमल्यात भांडावं, त्यातच खरी मजा.

आता चढ. बोरघाट आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा. कर्जतला गाडी थांबते, मागे ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, आपण वडा घेतो आणि गाडी ३७ मीटरला एक मीटर अशा चढानं लोणावळ्याकडे निघते. घाट संपेपर्यंत चढते सुमारे साडेपाचशे मीटर. कालक्याहून निघालेली गाडी ३३ ला एक इतका खडा चढ घेते. कालका समुद्रसपाटीपासून ६५६ मीटरवर, शिमला २,०७६ मीटरवर. फरक १,४२० मीटरचा. अडीच बोरघाट एकावर एक! विहिरींत मोजायचं तर पन्नास फूट खोल विहीर घ्या. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा ९३ विहिरी रचा. तळच्या विहिरीतून रहाटानं पोहरा ओढायचा म्हटलं तर दोर हवा ४,६५० फुटांचा. तेवढ्या उंचीवर ही गाडी माणसं, त्यांच्या बॅगा आणि चिवड्याचे डबे घेऊन रोज जाते.

वाटेत कनोहचा पूल येतो. चार मजली दगडी पूल, त्यात ३४ कमानी. बाकीचे पूल एक वेळ मोजायचे राहिले तरी चालेल, हा चुकवू नका. खालच्या मजल्यावर मोजक्या कमानी, वर जाल तशा वाढत जाणाऱ्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर अडीच फुटांची ती रुळांची जोडी. गाडी वळताना पुढचे डबे पुलावर चढलेले आपल्या खिडकीतून दिसतात.

आणि बडोग! बोगदा क्रमांक ३३. लांबी १,१४३ मीटर. सोळा डब्यांच्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी तिन्ही आत गडप होतील. ताशी २५ किलोमीटरच्या वेगानं काळोख संपायला पावणेतीन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ डब्यातली सगळी पोरं जिवाच्या आकांतानं ओरडत असतात. बाहेर पडताच बडोग स्टेशन. गरम कटलेट आणि चहा इथेच घ्यावा. या बोगद्याची एक हकिगत तिकडे सगळेच सांगतात. बडोग नावाच्या इंजिनिअरनं डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरायला घेतला, पण दोन्ही टोकं जुळलीच नाहीत. सरकारनं त्याला दंड केला एक रुपया. तो एक रुपया त्याला इतका लागला की त्यानं जीव दिला. पुढे इंजिनिअर हॅरिंग्टन यांनी नवा बोगदा काढला आणि त्यांना वाट दाखवली भलकू नावाच्या एका पहाडी बाबानं. शिमल्यातलं रेल्वे संग्रहालय आज याच बाबा भलकूंच्या नावानं आहे.

एक रुपया! आणि पुऱ्या मार्गाला किती लागले? अंदाज होता ८६ लाख ७८ हजार ५०० रुपयांचा. गाडी धावेपर्यंत खर्च साधारण दुप्पट झाला, म्हणजे पावणेदोन कोटींच्या घरात. आज पावणेदोन कोटींत मुंबईत बेताचा फ्लॅट येतो, म्हणून हा आकडा फसवा वाटेल. त्याचं सोनं करून पाहा. तेव्हा ब्रिटिश सॉव्हरिन, जिला आपल्याकडे सर्रास गिनी म्हणत, ती १५ रुपयांना होती. वजन आठ ग्रॅमला किंचित कमी. भागाकार करा. साडेअकरा लाखांहून जास्त गिन्या! वजन नऊ टनांच्या वर! आता त्या गिन्या कालक्यापासून शिमल्यापर्यंत रुळांच्या कडेनं मांडत चला. प्रत्येक मीटरला बारा येतात. मीटरला आठ तोळे! आठ तोळे, पुन्हा आठ तोळे, असं ९६ हजार ६०० वेळा. मुंबई-पुण्याला हाच दर लावला तर २३ लाख गिन्या, १८ टन सोनं. २००८ साली युनेस्कोनं या मार्गाला जागतिक वारशात घेतलं. हे सोनं मोजल्यावर वाटतं, १०५ वर्षं वाट कशाला पाहिली?

हे झालं एका रेल्वे कंपनीचं. आता नेरळला या. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची गाडी, २१ किलोमीटर, रुळांत अंतर फक्त दोन फूट, आणि चढ २० ला एक, म्हणजे शिमल्याहूनही खडा! सर आदमजी पीरभॉय यांच्या मुलानं, अब्दुल हुसेन यांनी, ती बांधली आणि खर्च आला १६ लाख रुपये. त्याच भावानं एक लाख सहा हजार गिन्या. साडेतीन तोळे दर मीटरला, नेरळच्या फलाटापासून माथेरानच्या फलाटापर्यंत. साडेआठशे किलो सोनं, आणि सगळं एकाच घरच्या तिजोरीतून!