तुटलं? मग बरोबर चाललंय!

कच्च्या स्पॅगेटीच्या २० काड्या, एक वार चिकटपट्टी, एक वार दोरा आणि एक मार्शमॅलो, म्हणजे मऊ, गुबगुबीत मिठाई. चौघांचा गट, वेळ १८ मिनिटं. जमेल तितका उंच मनोरा उभारायचा, मात्र मार्शमॅलो अगदी टोकावर बसला पाहिजे. पीटर स्किलमन यांनी काढलेला हा खेळ टॉम वूजेक यांनी कितीतरी गटांना खेळायला लावला आणि २०१०च्या एका भाषणात त्याचा निकाल सांगितला. बिझनेस स्कूलमधून नुकते बाहेर पडलेले पदवीधर सपाटून हरतात. बालवाडीतली पोरं त्यांच्यापेक्षा उंच मनोरा बांधतात!

कारण मजेशीर आहे. मोठी माणसं आधी चर्चा करतात, गटाचा पुढारी ठरवतात, कागदावर आकृती काढतात, काड्या जोडतात आणि शेवटच्या मिनिटाला मार्शमॅलो वर ठेवतात. मनोरा वाकतो, आडवा होतो आणि वेळ संपते. बालवाडीवाले मार्शमॅलो पहिल्यापासूनच हातात घेतात. छोटासा मनोरा, वर मार्शमॅलो, धप्प. पुन्हा. धप्प. मोठ्यांचा मनोरा एकदाच पडतो, तोही शेवटी. पोरांचा मघापासून पडतच असतो, म्हणून शेवटचा टिकतो.

(इंजिनीअर आणि आर्किटेक्ट मात्र बालवाडीच्याही पुढे निघाले. हुश्श! नाहीतर पुलावरून जायची पंचाईत झाली असती.)

सहावी ते आठवीच्या मुलांना इंजिनीअरिंगची ओळख करून देताना फळ्यावर एक गोल काढतात: अडचण ओळखा, कल्पना लढवा, आराखडा काढा, बनवा, तपासा, सुधारा, आणि फिरून पहिल्या पायरीवर या. ऐकायला रटाळ वाटतं खरं. पण या गोलात कोण कोण फिरून आलंय ते बघा.

बोट एक, ठिपके बारा

लुई ब्रेल लहानपणीच, वडिलांच्या कामाच्या खोलीत डोळ्याला आरी लागून आंधळा झाला. पॅरिसच्या अंधशाळेत त्याच्या हाती शार्ल बार्बिए यांची उठावदार ठिपक्यांची लिपी आली. कल्पना झकास होती, पण एका खुणेला तब्बल १२ ठिपके! बोटाच्या टोकाखाली सगळे एकदम मावायचे नाहीत. बोट वर-खाली सरकवत बसावं लागे. डोळस माणसाला हा दोष सहजासहजी दिसला नसता. लुईच्या बोटाला तो रोज जाणवत होता. त्यानं ठिपके निम्मे केले. सहा ठिपक्यांतून ६३ वेगवेगळ्या खुणा होतात, आणि प्रत्येक खूण एका स्पर्शात कळते. १८२४ साली ही लिपी आकाराला आली तेव्हा लुई १५ वर्षांचा होता. म्हणजे दहावीच्या वर्गातला! आज मराठीतलं ब्रेलही त्याच सहा ठिपक्यांवर चालतं.

मांडी घालता येते का?

परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय दिसायला सुबक होता, पण तो बुटात घालूनच वापरायचा. उकिडवं बसायचं, मांडी घालायची, अनवाणी चिखलात उतरून भात लावायचा, यातलं त्याला काही जमत नसे. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६८च्या सुमारास या अडचणीला दोघं भिडले. एक हाडांचे डॉक्टर, प्रमोद करण सेठी. दुसरे रामचंद्र शर्मा, सगळ्यांचे ‘मास्टरजी’. मास्टरजींचं शालेय शिक्षण जेमतेम, हातात मात्र कारागिरी. दोघांनी रबराचा असा पाय घडवला की तो घोट्याशी वळतो, पाण्यात भिजला तरी चालतो, बूट नसला तरी अडत नाही आणि रंगानंही आपल्या पायासारखा दिसतो. तोच जयपूर फूट. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन तो लावून पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. माझं मत विचाराल तर भारतातल्या शाळेत डिझाइनचा पहिला धडा हाच असावा. विमान, रॉकेट, रोबो सगळं नंतर. ‘वापरणारा बसतो कसा?’ हा प्रश्न आधी.

खंड्याची चोच

जपानची बुलेट ट्रेन बोगद्यातून बाहेर पडताना ‘धडाम’ असा आवाज होई. पुढची हवा बोगद्यात दाबली जायची आणि तोंडाशी फुटायची. आसपासचे रहिवासी वैतागले. इंजिनीअर एजी नाकात्सू यांना पक्षिनिरीक्षणाचा नाद होता. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी फारसं उडत नाही, हे त्यांच्या डोक्यात होतं. १९९७ साली धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या गाडीला १५ मीटर लांब, चोचीसारखं निमुळतं नाक मिळालं. आवाज घटला, वीजही कमी लागू लागली. तेव्हा मुलगा खिडकीतून पक्षी बघत बसला तर लगेच ओरडू नका.

रफ वही जपून ठेवा

किराणा सामानाची सपाट बुडाची कागदी पिशवी बनवणारं यंत्र मार्गारेट नाइट या अमेरिकन बाईंनी शोधलं. त्याआधी, १२ वर्षांच्या असताना, कापडगिरणीत धोटा उसळून कामगाराला लागल्याचं पाहून त्यांनी सुरक्षेची युक्ती काढली होती. पिशवीच्या यंत्राची कल्पना मात्र चार्ल्स ॲनन नावाच्या माणसानं चोरली आणि पेटंटही स्वतःच्या नावावर मागितलं. मार्गारेटबाईंनी आपल्या आकृत्या, टिपणं, नमुने, सगळं पुढे मांडलं आणि १८७१ साली पेटंट मिळवलं. खाडाखोडीच्या पानांनी खटला जिंकून दिला!

खडकवासल्याची शहाणी दारं

धरणाची भिंत न वाढवता पाणी जास्त कसं साठवायचं? १९०३ साली पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची स्वयंचलित दारं बसली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की ती आपोआप उघडत, उतरलं की मिटत. विश्वेश्वरय्या इंजिनीअर झाले तेही पुण्याच्याच कॉलेजात. १५ सप्टेंबर हा त्यांचा वाढदिवस, आपला अभियंता दिन.

काय काय बिघडेल?

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. इस्रोनं पुढच्या खेपेला प्रश्नच उलटा केला: काय काय बिघडू शकतं, आणि तसं बिघडलं तरी यान उतरेल कसं? पाय मजबूत केले. इंधन वाढवलं. पाच इंजिनांची चार केली. उतरायची जागा आधी ५०० मीटर लांब-रुंद होती, ती थेट चार किलोमीटर बाय २.४ किलोमीटर धरली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा लँडर चंद्रावर अलगद उतरला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल.

उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापणाऱ्या बाईंचा राग येतो ना? १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. एका चमूचे आकडे पौंडात, दुसऱ्याला वाटलं न्यूटनमध्ये. बाईंचं बरोबर आहे.

काडेपेटीतलं कॉलेज

अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनीअर. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी बनवली. त्यांची एक जुनी युक्ती आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची. ट्यूबचे बारीक तुकडे काड्यांच्या टोकांना घालून जोडत जायचं. चार काड्यांचा चौकोन करा आणि हलकेच दाबा: लगेच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा: ढिम्म हलत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलावर, विजेच्या उंच मनोऱ्यावर त्रिकोणच त्रिकोण का असतात, ते एका मिनिटात कळतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात त्रिकोण जोडून माणसांनी राहावं असे घुमटसुद्धा उभे राहिलेत.

आता तुमची पाळी. पुस्तकांचे दोन गठ्ठे एक फूट अंतरावर ठेवा. खराट्याचे हीर आणि दोरा एवढ्यावर त्यांच्यामध्ये पूल बांधा. मधोमध आइस्क्रीमचा रिकामा कप टांगा आणि त्यात एकेक नाणं टाकत जा. पूल मोडला की किती नाण्यांना मोडला आणि कुठून मोडला, दोन्ही वहीत लिहा. मग दुसरा बांधा. आईबाबांनी हात लावायचा नाही. चहा-पोहे आणून द्यायला हरकत नाही. आणि विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा विकतचा ज्वालामुखी नेण्यापेक्षा हे दोन्ही पूल न्या. मोडलेला पुढे ठेवा, नवा त्याच्या शेजारी.